जांभळी गारगोटी



समोरच्या टेबलावर चार वस्तू मांडल्या आहेत. पहिली साधी पांढरी गारगोटी, नदीकाठी चालताना पायाखाली येते तसली. दुसरी म्हणजे फोडलेल्या नारळाच्या वाटीएवढा दगड. बाहेरून काळपट, ओबडधोबड आणि आतून टोकदार जांभळ्या स्फटिकांनी खच्चून भरलेला. तिसरा बोराएवढा, पैलू पाडलेला जांभळा खडा. चौथा त्याच आकाराचा पिवळा.

या चारही वस्तू एकच आहेत. सिलिकॉनचा एक अणू, ऑक्सिजनचे दोन, असा हिशेब चौघांतही सारखा. त्यांना क्वार्ट्झ म्हणतात, आणि मराठीत त्याच कुळातल्या दगडाला गारगोटी हे जुने नाव आहे. आजीच्या काळात चूल पेटवायला पोलादाच्या तुकड्यावर आपटायची ती चकमकीची गारही याच घरातली. फरक आहे तो फक्त रंगाचा, आणि त्या रंगापायी माणसाने काय काय केले याचा.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या शाळेच्या कपाटातून दुसरी वस्तू आणली आहे. तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्यांच्या अक्षरात एवढेच लिहिले आहे: ‘जांभळी गारगोटी. विहीर, ३२ फूट.’ सराफाच्या दुकानात याच दगडाला ॲमेथिस्ट म्हणतात, ज्योतिषाकडे जमुनिया किंवा कटेला. सरांनी तिसरेच नाव निवडले, आणि भूशास्त्राच्या दृष्टीने तेच सर्वांत नेमके आहे.

आधी हा दगड ओळखायचा कसा ते पाहू. मोहस्‌च्या काठिण्य-श्रेणीत क्वार्ट्झ ७ वर येतो. काचेवर तो सहज चरा उमटवतो, नीलम मात्र त्याच्यावर चरा उमटवतो. हा आकडा दिसतो तेवढा कोरडा नाही. घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचेच, बारीक कण असतात. अंगठीतला खडा ७ पेक्षा मऊ असेल तर रोजच्या पुसण्यानेसुद्धा त्याची झिलई जाते. जमुनिया या रेषेवर जेमतेम तग धरून आहे. पाण्याच्या तुलनेत तो २.६५ पट जड, नीलम चौपट. त्यामुळे तेवढ्याच आकाराचे दोन खडे तळहातावर घेतले तरी अनुभवी माणसाला फरक कळतो. गारगोटीला अभ्रकासारखे पापुद्रे सुटत नाहीत. ती फुटते तेव्हा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गोलसर खळगी पडते. जांभळ्या स्फटिकाच्या फुटलेल्या जागी भिंग धरले तर बऱ्याचदा बारीक समांतर लाटा दिसतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. पांढऱ्या गारगोटीत त्या सहसा नसतात.

या ठशाचे कारण फार सुंदर आहे. क्वार्ट्झमधले अणू जिन्याच्या गोल पायऱ्यांसारखे फिरत वर जातात. काही स्फटिकांत हा जिना उजवीकडे वळतो, काहींत डावीकडे. जमुनियात दोन्ही वळणांचे पातळ थर एकाआड एक बसलेले असतात. स्फटिकशास्त्रज्ञ याला ब्राझील-पद्धतीचे जुळेपण म्हणतात. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा तुकडा असतो. विजेच्या दाबाने तो कंप पावतो. असा डावा-उजवा मिसळलेला दगड त्या कामाला चालत नाही, कारण एका थराचा परिणाम दुसरा थर पुसून टाकतो. म्हणजे कुळातला सर्वांत देखणा मुलगा घड्याळाच्या नोकरीला नापास.

आता रंग. शुद्ध क्वार्ट्झ पाण्यासारखा स्वच्छ असतो. जमुनियात लोहाचा अंश असतो, पण किती? दशलक्ष भागांत काही दहा ते काही शे भाग. एवढे लोह आपल्या विहिरीच्या पाण्यात असले तर चव बदलेल, पण रंग जांभळा होणार नाही. नुसत्या लोहाने भागत नाहीच. स्फटिक वाढताना सिलिकॉनच्या जागेवर कुठेकुठे लोहाचा अणू जाऊन बसतो. त्या जागेला चार भारांचा पाहुणा हवा असतो, हा तीन भारांचा. उणीव भरून काढायला शेजारी हायड्रोजनसारखा एखादा लहान अणू येऊन बसतो आणि स्फटिक फिकट किंवा रंगहीनच राहतो. पुढचे काम आजूबाजूचा खडक करतो. खडकात किरणोत्सर्गी पोटॅशियम अगदी किंचित असते, त्यातून गॅमा किरण निघत राहतात. लाखो वर्षे हा मंद मारा चालू राहिला की लोहाच्या त्या अणूपाशी असलेला एक इलेक्ट्रॉन उडून दुसरीकडे अडकतो. मागे उरलेली रिकामी जागा प्रकाशातला हिरवा-पिवळा भाग गिळते. डोळ्यापर्यंत पोचतात निळा-जांभळा आणि थोडा लाल.

बोटात घालून मिरवायचा तो रंग म्हणजे एका निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनची जागा. स्फटिकाच्या सगळ्या बाजूंवर लोह सारखे बसत नाही, म्हणून रंगही टोकाकडे दाट, मुळाकडे पांढरा, मध्ये कोनाकृती पट्टे असा उतरतो. टेबलावरची वाटी उचलून पाहिली तर बुडाशी पांढरे आणि शेंड्याला जांभळे दात दिसतील. पैलू पाडणारा कारागीर कच्चा माल हातात घेऊन आधी हेच बघतो की रंगाचा ठिपका खड्याच्या तळाशी आला तर वरून पाहणाऱ्याला सगळा खडा भरल्यासारखा दिसेल. रंग असतो एका कोपऱ्यात, आणि पैलू त्याला घरभर फिरवून आणतात.

ही वाटी बनली कशी? त्यासाठी दक्षिण ब्राझील आणि उरुग्वे गाठावे लागते. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्ह्याचे पूर आले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या प्रकारच्या लाव्ह्याने बनला तोच प्रकार. फक्त आपला पूर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. भाकरी भाजताना पापुद्र्याखाली हवा धरते तसे. मग त्या पोकळीत सिलिका विरघळलेले पाणी झिरपते. आधी भिंतीला अकिकाचा पातळ पट्टेदार लेप चढतो, मग आत तोंड करून क्वार्ट्झचे दात वाढतात, शेवटी कधीकधी त्यावर कॅल्साइटचा एखादा स्फटिक येऊन बसतो.

बरीच वर्षे समज असा होता की एवढे मोठे स्फटिक वाढायला पाणी चांगलेच कढत असले पाहिजे. उरुग्वेतल्या आर्तिगास भागातल्या दगडांवरचे एक संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. स्फटिकांत अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि ऑक्सिजनचे समस्थानिक तपासून त्यात तापमान काढले आहे १५ ते ६० अंश सेल्सिअस. म्हणजे विहिरीच्या पाण्यापासून अंघोळीच्या कढत पाण्यापर्यंत. भूमिगत पाणी, थोडी सिलिका आणि घाई नसणे, एवढ्यावर माणसापेक्षा उंच पोकळ्या भरल्या. याच आर्तिगासमधला एक दगड ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ॲथर्टन गावी ठेवला आहे. ‘उरुग्वेची सम्राज्ञी’ या नावाचा हा दगड ३.२७ मीटर उंच आहे.

ब्राझीलच्या हद्दीत रियो ग्रांदे दो सुल प्रांतात एका गावाचे नावच आमेतिस्ता दो सुल, म्हणजे दक्षिणेतले ॲमेथिस्ट. तिथल्या चर्चच्या आतल्या भिंती जांभळ्या स्फटिकांनी मढवल्या आहेत. डोंगराच्या पोटात आडवी भुयारे खणून कामगार पोकळ्या शोधतात. पोकळी लागली की लगेच फोडत नाहीत. तिच्या अंगाला एक बारीक भोक पाडतात, दिव्याचा उजेड आत सोडतात आणि डोळा लावून पाहतात. रंग दाट असेल तर भोवतीचा खडक छिन्नीने जपून काढायचा, फिका असेल तर वेगळा हिशेब. कोटी कोटी वर्षांत त्या पोकळीत शिरलेला तो पहिला उजेड.

त्याच भुयारांत खडक कोरताना उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाते. सिलिकोसिस हा या भागातला जुना आणि नोंदलेला आजार आहे. आपल्याला तो परका नाही. गुजरातेत खंभातला अकिकाचे मणी घडवणाऱ्यांच्या घरांत हाच आजार पिढ्यान्‌पिढ्या राहिला. घासणाऱ्या चाकाशेजारी बसून काम, खोली लहान, आणि धूळ पिठासारखी बारीक. रत्नांवरच्या देखण्या पुस्तकांत झिलईचे वर्णन पानभर असते. त्या झिलईत निघालेली धूळ कुठे गेली याला ओळसुद्धा मिळत नाही. दगड ओला ठेवून घासणे आणि हवा ओढून घेणारे यंत्र लावणे हे दोन उपाय फार पूर्वीपासून माहीत आहेत.

आपल्याकडचे काय, हा प्रश्न आता श्रोत्यांच्या मनात आलाच असेल. महाराष्ट्राच्या खडकातही पोकळ्या आहेत, आणि भरपूर आहेत. विहीर खणणारा गवंडी काळ्या कातळाखाली मांजऱ्या लागला म्हणतो, तेव्हा त्यात पांढरे, हिरवट, गुलाबी खडे चमकतात. बोरघाटात एकोणिसाव्या शतकात रेल्वे चढवताना कातळ फुटला आणि तिथले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले. आपल्या पाण्याने मात्र पोकळ्या वेगळ्या मालाने भरल्या. झिओलाइट आणि अपोफिलाइट या खनिजांत दख्खनचा हात धरणारे थोडे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतल्या निळ्याभोर कॅव्हन्साइटसाठी परदेशचे संग्राहक वाट पाहतात. जांभळी गारगोटी इथे सापडते, पण रंग बहुधा फिका, आणि मोठा व्यापार उभा राहील एवढी नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दुपार काढली तर आपल्या पायाखाली काय काय दडले आहे याचा अंदाज येतो. संग्रहालयाने नाव काय घेतले हेही बघण्यासारखे आहे. सरांच्या चिठ्ठीतला शब्द तिथे पाटीवर आहे.

नावाचा विषय निघाला म्हणून थोडे आडवळण. आपल्याला या रंगात जांभूळ दिसले; जमुनिया हे नाव हिंदीतल्या जामुनवरून आले. ग्रीकांना दिसली दारू. ॲमेथिस्तोस म्हणजे ‘नशा न चढलेला’. हा दगड जवळ ठेवला तर दारू चढत नाही अशी समजूत होती. प्लूटार्कने साधे कारण सांगितले आहे की रंग पाणी घातलेल्या द्राक्षमद्यासारखा म्हणून हे नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने तर मांत्रिकांच्या दाव्याची थट्टाच केली. आपल्या ग्रंथात त्याने ॲमेथिस्टमध्ये पहिला मान भारतातल्या दगडाला दिला. दारूचा देव बाकस, एक सुंदर तरुणी आणि तिच्या दगड झालेल्या देहावर सांडलेली दारू ही गोष्ट आज जिकडेतिकडे ‘प्राचीन ग्रीक दंतकथा’ म्हणून सांगितली जाते. ती ग्रीक नाही, फार प्राचीनही नाही. रेमी बेलो नावाच्या फ्रेंच कवीने १५७६ साली ती रचली. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माआधी जेमतेम ५४ वर्षे.

दंतकथा कशी बनते याचा याहून गमतीचा नमुना लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे, आणि त्याचे धागे कानपूरपर्यंत येतात. ‘दिल्लीचा जांभळा नीलम’ हे त्याचे नाव. चांदीच्या कड्यात बसवलेला, कड्यावर ज्योतिषातली चिन्हे कोरलेला हा खडा. १९७० च्या दशकात पीटर टँडी या तरुण अभिरक्षकाला तो संग्रहालयाच्या कपाटात मिळाला, सोबत टंकलिखित पत्र. पत्रातला मजकूर असा: १८५७ च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून हा खडा लुटला गेला, कर्नल फेरिस नावाच्या अधिकाऱ्याने तो विलायतेला आणला आणि त्याचे घर धुळीला मिळाले, पुढे १८९० मध्ये तो पत्रलेखकाकडे आला आणि त्याच्यामागे साडेसाती लागली. मित्राला दिला, मित्राचे वाटोळे, खडा परत. कंटाळून रीजंट्स कालव्यात फेकला, तर तीन महिन्यांनी गाळ काढणाऱ्याकडून व्यापाऱ्याकडे आणि व्यापाऱ्याकडून पुन्हा घरी. ज्याच्या हाती हा लागेल त्याने पत्र वाचावे आणि खडा समुद्रात टाकावा, असा शेवटी सल्ला.

पत्रलेखक होते एडवर्ड हेरॉन-ॲलन. माणूस अफाट. व्हायोलिन कसे बनवावे यावर त्यांचे पुस्तक आहे, हस्तसामुद्रिकावर आहे, उमर खय्याम त्यांनी फारसीतून इंग्रजीत आणला, आणि समुद्रतळाच्या सूक्ष्म कवचधारी जीवांवरचे त्यांचे काम आजही अभ्यासले जाते. ते १९४३ मध्ये वारले; पुढच्याच वर्षी मुलीने खडा संग्रहालयाला देऊन टाकला. पण त्यांनी टोपणनावाने कथाही लिहिल्या, आणि १९२१ साली आलेल्या एका कथेचे नाव ‘जांभळा नीलम’. संग्रहालयातल्या जाणकारांचा कयास असा की शाप हा त्या कथेचाच प्रपंच असावा.

आणि नीलम? तो नीलम नाहीच. ॲमेथिस्ट आहे. कुठल्याही सराफाने चरा काढून किंवा वजन करून दोन मिनिटांत सांगितले असते. तरी शापाने हार मानली नाही. संग्रहालयाचे एक शास्त्रज्ञ हा खडा हेरॉन-ॲलन यांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला घेऊन निघाले. पहिल्या खेपेला वादळाने गाठले, दुसऱ्या खेपेला पोट बिघडले, तिसऱ्या खेपेला त्यांना मुतखडा झाला. खड्याने खडा दिला, असे मराठीत म्हणता येईल. 

शापावर हसणारा माणूस ग्रहाच्या अंगठीपाशी मात्र गंभीर होतो. माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या या नवरत्नांत जमुनियाला जागा नाही. पण नीलम परवडत नाही त्याला शनीसाठी उपरत्न म्हणून कटेला किंवा जमुनिया सुचवतात. पुष्कराज परवडत नाही त्याला गुरूसाठी पिवळा सुनेला. आता टेबलावरच्या तिसऱ्या आणि चौथ्या वस्तूकडे पाहा. जमुनिया तापवला की सुमारे ३०० अंशांच्या पुढे रंग उतरू लागतो. ४०० ते ५०० अंशांच्या आसपास, दगड कुठल्या खाणीतला त्याप्रमाणे, तो पिवळा किंवा नारिंगी होतो. ब्राझीलच्या माँतेझुमा खाणीतला तर हिरवट होतो. निसर्गात पिवळा क्वार्ट्झ दुर्मिळ. बाजारातला बहुतेक सुनेला हा ब्राझीलचा फिका जमुनिया भट्टीतून काढलेला असतो. म्हणजे शनीचा खडा दोन-चार तास भट्टीत ठेवला की गुरूचा होतो. फार तापवला नसेल तर गॅमा किरण देऊन पुन्हा शनीचाही करता येतो. बोलिव्हियाच्या आनाही खाणीत तर एकाच स्फटिकात अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असा मेळ निसर्गानेच घालून ठेवला आहे. तो कोणत्या बोटात घालायचा, हे ज्योतिषशास्त्रीच जाणोत.

एके काळी या खड्याची पत हिरा, माणिक, नीलम, पाचू यांच्या पंगतीतली होती. बिशपच्या अंगठीत तो असे. ब्रिटनच्या राजदंडात १९१० साली ५३० कॅरेटचा कलिनन हिरा बसवला गेला, त्या हिऱ्याच्या वर जो गोल आहे तो ॲमेथिस्टचा. मग घसरण का झाली? दगडाने कूस बदलली नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार गावचे अकीक-कारागीर पोट भरायला दक्षिण ब्राझीलला गेले आणि तिथे अकिकाबरोबर जांभळ्या स्फटिकांचे डोंगर लागले. माल टनावारी युरोपात उतरला. उरल पर्वतातल्या लालसर झाक असलेल्या दाट खड्याला अजून ‘सैबेरियन’ म्हणून भाव मिळतो, बाकीचा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. १९१२ साली अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने जन्ममहिन्यांच्या खड्यांची यादी ठरवली, त्यात फेब्रुवारीला ॲमेथिस्ट मिळाला. तो आजतागायत खपतो आहे.

दुसरा धक्का कारखान्याचा. सोव्हिएत संघात १९७० च्या दशकात जमुनिया बनवायला सुरुवात झाली. जाड पोलादी भांडे, आत क्षाराचे द्रावण, लोहाचा अंश, क्वार्ट्झची बीजपट्टी, काही शे अंश तापमान आणि हजारभर वातावरणांचा दाब. प्रेशर कुकरचा आजोबाच. काही आठवड्यांत स्फटिक वाढतो, मग गॅमा किरण देऊन रंग आणायचा. लाखो वर्षांचे काम महिन्यांत. हा खडा खोटा नाही. रसायन तेच, काठिण्य तेच, रंगाचे कारणही तेच. खाणीतला कोणता आणि भांड्यातला कोणता हे अवरक्त वर्णपटाने किंवा ते डावे-उजवे थर शोधून सांगता येते. अडचण व्यवहाराची आहे. तपासणीची फी कित्येकदा खड्यापेक्षा जास्त होते, म्हणून लहान खडे तपासले जातच नाहीत. घेणाऱ्याने ‘खाणीतला’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत. रंग आणि घडण यांचे मोजावेत. पाण्याच्या बाटलीत जमुनिया टाकून आजार बरे होतात असे सांगणाऱ्याला तर काहीच मोजू नयेत.

वापरणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. कोंदणाची डागडुजी करताना सोनाराला खडा काढून घ्यायला सांगावे. फुंकणीची ज्योत लागली तर जांभळा गेला, पिवळा आला. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

व्याख्यानानंतर चारही वस्तू हाताळायला हरकत नाही. सरांची वाटी मात्र पाहून झाल्यावर पुन्हा सावलीत ठेवावी. शाळेत ती पश्चिमेच्या खिडकीशी काचेच्या कपाटात होती. काही खाणींचा जमुनिया उन्हाने विटतो. वाटीची जी बाजू खिडकीकडे होती तिथले दात आज फिके दिसतात, भिंतीकडचे अजून जांभळे आहेत. दोन्ही बाजू एकदम पाहायच्या असतील तर ती वाटी आडवी धरावी लागते, चिठ्ठी खाली आणि दिवा वर.